उमेदवाराला विज्ञानाचं काय विचारायचं?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत असतो. तो सांगतो की तिकडे अध्यक्षपदाच्या उमेदवारांना विज्ञानावर लेखी प्रश्न देतात. आमच्या दारात उमेदवार आला की रस्ता, पाणी आणि लाइट यापलीकडे बोलणं जात नाही. विज्ञानाबद्दल त्याची भूमिका आम्हाला कळावी कशी?
– एक वाचक, महाड तालुका

उत्तर : ताई, भाचा खरं सांगतोय. २००८ साली ओबामा आणि मॅकेन या दोघांनीही हवामानबदल, मूलपेशी, अंतराळ अशा विषयांवरच्या चौदा प्रश्नांना लेखी उत्तरं दिली होती. मूळ आग्रह टीव्हीवर समोरासमोर वाद व्हावा असा होता, तो काही झाला नाही. आणि अशी लेखी उत्तरं उमेदवाराच्या कचेरीतली हुशार मुलं लिहितात. त्यातून पक्षाचं धोरण कळतं, माणसाचा थांग लागत नाही. तेव्हा तिकडचा फार हेवा नको.

विधिमंडळाच्या पत्रकार गॅलरीत माझी सगळी नोकरी झाली. त्या जोरावर सांगतो, ‘विज्ञानाबद्दल तुमची भूमिका काय’ असं विचारूच नका. त्याचं उत्तर पाठ असतं : कलामसाहेबांचं नाव, मग चांद्रयान, मग ‘आमच्या मुलांनी पुढे जायला हवं’. विज्ञानाच्या विरोधात आहे असं म्हणणारा उमेदवार मला अजून भेटायचाय. ज्याचं उत्तर देताना त्याची चार मतं इकडची तिकडे होतील, असा प्रश्न काढा.

तुमच्या तालुक्यात तो शोधायला लांब जायला नको. २२ जुलै २०२१ ला तळिये गाव तुमच्याच तालुक्यात दरडीखाली गाडलं गेलं. दोन वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गेली. तेव्हा पावसाळी अधिवेशन चालूच होतं आणि ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच दुसऱ्या दिवशी सभागृहात सांगितलं. याचा अर्थ, यादी होती आणि ती चुकली. मग उमेदवाराला विचारा : आमच्या वाडीची पाहणी कुठल्या भूवैज्ञानिकाने, कोणत्या साली केली? अहवाल ग्रामपंचायतीत का नाही? डोंगराचा पायथा खणून रस्ता काढायचा तर आधी उताराची तपासणी कोण करतं? खाणीत सुरुंग लावायची परवानगी देण्याआधी तुम्ही तो अहवाल मागाल का? शेवटच्या प्रश्नाला तुमचा उमेदवार पाण्याचा ग्लास मागेल. डंपर कोणाचे आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

पश्चिम घाटाचंही असंच. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. संवेदनशील क्षेत्राच्या, म्हणजे खाणी आणि मोठी बांधकामं जिथे रोखायची त्या भागाच्या, अधिसूचनेचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला निघाला, वायनाडच्या दरडीनंतर दुसऱ्याच दिवशी. त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. ‘आमची गावं वगळा’ म्हणणारे सगळ्याच पक्षांत सापडतील. वगळा म्हणायला हरकत नाही, माणसांना घरं बांधायची असतात, शेती करायची असते. पण अहवालातलं कोणतं पान चुकीचं आहे, हे त्याला सांगता यायला हवं. मला भेटलेल्यांपैकी बहुतेकांनी अहवाल उघडलाही नव्हता. विरोध करणाऱ्यांनी नाही आणि पाठिंबा देणाऱ्यांनीही नाही.

आता बोलण्यावर विसंबायचं नसेल तर जुना कारभार बघा. तो कुठे बघायचा, हे महत्त्वाचं. सभागृहातल्या मतदानात काही हाती लागत नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, निघाला की हात कुठे वर करायचा ते ठरलेलं, आणि बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, म्हणजे कोणाच्या नावावर काहीच नोंद नाही. संशोधनाला पाच वर्षांत ५०,००० कोटी मिळवून देऊ म्हणणारं अनुसंधान प्रतिष्ठानचं विधेयक ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत असंच आवाजी मतदानाने झालं. त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून येणार, हे किती खासदारांनी वाचलं असेल देव जाणे.

प्रश्नाला मात्र व्हिप लागत नाही. आमदाराने कोणता तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं) टाकला, कोणती लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) लावली, हा त्याचा स्वतःचा कारभार. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या मिळतात. एकदा वाचायला शिकलात की मजा येते. एका प्रश्नाखाली पाच-दहा आमदारांची नावं असतात, त्यातली बरीच नुसती सहीपुरती. मग ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. खाली मंत्र्याचं उत्तर : ‘(१) अंशतः खरे आहे. (२) कार्यवाही सुरू आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.’ तुमच्या आमदाराचं नाव दरडी, पर्जन्यमापक, नदीचं प्रदूषण अशा प्रश्नांखाली आहे का पाहा. त्याहून, ‘प्रश्न उद्भवत नाही’ आल्यावर पुढच्या अधिवेशनात त्याने तोच प्रश्न पुन्हा लावला का, ते पाहा. तिथे माणूस कळतो. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, म्हणून मंत्री असेल तर त्याच्या खात्याचे शासन निर्णय वाचा.

आणि प्रतिज्ञापत्रातला शिक्षणाचा रकाना सोडून द्या. बी.एस्सी.वाल्यांनी सभागृहात अवैज्ञानिक बोललेलं मी भरपूर ऐकलंय आणि नववी पास आमदाराने कीटकनाशकांवर अधिकाऱ्यांची बोलती बंद केलेलीही पाहिलीय.

प्रश्न : आमच्याकडे औंढा नागनाथला लायगो होतंय. सगळेच उमेदवार ‘मी आणलं’ म्हणतात. काय विचारू?
– एक विद्यार्थी, हिंगोली जिल्हा

उत्तर : आणलं कोणी, या वादात पडू नकोस. लायगो म्हणजे अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा. तत्त्वतः मंजुरी २०१६ ची, २,६०० कोटींची पूर्ण मंजुरी एप्रिल २०२३ ची. या यंत्राच्या काटकोनात दोन भुजा असतात, चार-चार किलोमीटर लांब, आणि गुरुत्वीय लहर गेल्यावर त्यांच्या लांबीत होणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान. इतकं नाजूक मोजायचं तर आजूबाजूला जमीन शांत हवी, जड वाहनांची धडधडही त्रास देते. तेव्हा विचार : परिसरात स्टोन क्रशरला परवानगी मागायला तुमचा कार्यकर्ता आला तर काय कराल? आणि जिल्ह्यातल्या पोरांना तिथे वॉचमनखेरीज काही व्हायचं असेल, तर भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरून घ्याल का? दोन्हीची उत्तरं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव.

प्रश्न : आमचा उमेदवार राहुकाळ टाळून अर्ज भरतो. त्याला वैज्ञानिक दृष्टी नाही म्हणून मत देऊ नये का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : असं ठरवलंत तर मतपत्रिकेवर ‘नोटा’ सोडून कोणी उरणार नाही. अर्ज भरायची वेळ अकरा ते तीन, त्यात मुहूर्त बसवताना सगळ्याच पक्षांची धांदल मी पाहिली आहे. ते त्याचं त्याला लखलाभ. मतदाराचा संबंध येतो तो दुसरीकडे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. हा कायदा दाभोलकरांच्या खुनानंतर वटहुकूम म्हणून आला. त्याआधी अनेक वर्षं याच सभागृहांत तो घोळवला गेला, कलमं कापली गेली. याच कायद्यात दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे, पोलीस निरीक्षकाच्या दर्जाहून खालचा नाही. तुमच्या भागातला तो अधिकारी कोण, हे उमेदवाराला विचारा. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं औषध पावसाळ्याच्या आधी येतं की नंतर, हेही. माहीत नसेल तर त्याच्यासमोरच केंद्रात फोन लावायला सांगा.