लाइनमन ड्राफ्ट झाला, म्हणजे नेमके काय झाले?

प्रश्नकर्त्या गृहस्थांचा नातू अमेरिकेत आयोवा विद्यापीठात शिकतो. त्याने मध्यंतरी फोनवर मोठ्या आनंदाने सांगितले, ‘आजोबा, आमचा लाइनमन फर्स्ट राउंडमध्ये ड्राफ्ट झाला, सगळी कोचची कमाल!’ आजोबा लिहितात, ‘यातला एकही शब्द मला परका नाही, तरी वाक्य काही कळले नाही. लाइनमन खांबावर चढतो, ड्राफ्ट बँकेतून काढतात आणि कोच आमच्या दिवाणखान्यात आहे. खेळातल्या या तीन शब्दांना मराठीत काय म्हणावे?’

आजोबांची अडचण खरी आहे, आणि ती शब्द अनोळखी असल्याची नसून फार ओळखीचे असल्याची आहे. हे तिन्ही शब्द मराठीत पूर्वीच येऊन स्थिरावले आहेत. एक वीज मंडळाच्या वाटेने आला, एक बँकेच्या आणि एक रेल्वेच्या. तेच शब्द अमेरिकन फुटबॉलबरोबर दुसऱ्यांदा आले, तेव्हा त्यांच्या जागा भरलेल्या होत्या. महावितरणने आपल्या लाइनमनला ‘जनमित्र’ असे नवे नाव दिले, तरी रात्री दिवे गेले की गावात हाक ‘लाइनमन’ म्हणूनच मारली जाते. इतक्या घट्ट बसलेल्या शब्दाला मैदानावर नेऊन दुसरा अर्थ चिकटवण्यापेक्षा खेळात त्या माणसाचे काम काय आहे ते पाहून शब्द शोधावा, हे बरे.

अमेरिकन फुटबॉलमधली ‘लाइन’ माणसांची असते. १८८० साली येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने या खेळात एक काल्पनिक रेषा आली, जिच्या दोन्ही बाजूंना दोन्ही संघ प्रत्येक डावाच्या आरंभी समोरासमोर उभे राहतात. तिच्या इंग्रजी नावात ‘स्क्रिमेज’ हा शब्द आहे आणि त्याचे मूळ चकमक या अर्थाच्या शब्दात आहे. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याचे पाच धिप्पाड गडी या रेषेवर असतात. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गार्ड आणि त्यांच्या पलीकडे एकेक टॅकल. यांतले अनेक जण वजनाने एकशेतीस किलोंच्या पुढचे असतात. एका हाताची बोटे गवतावर टेकलेली, कंबर खाली, मान वर आणि नजर समोरच्याच्या छातीवर, अशा बैठकीत ते क्षणभर दगडासारखे स्तब्ध राहतात. सेंटरने दोन पायांमधून चेंडू मागे दिला की पुढचे तीन-चार सेकंद समोरून येणाऱ्या लोंढ्याला आपल्या क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे चेंडू हाती घेऊन डाव चालवणाऱ्या गड्यापर्यंत, पोहोचू न देणे हे त्यांचे काम. गंमत अशी की आक्रमणाच्या या ओळीतला ‘टॅकल’ कोणालाही पाडत नाही, पाडण्याचे काम समोरच्यांचे. त्याच्या जागेला पडलेले जुने नाव तेवढे शिल्लक आहे. सेंटर सोडला तर या पाचांपैकी कोणाचा चेंडूला सहसा हातही लागत नाही. ५० ते ७९ हे क्रमांक पाठीवर वागवणाऱ्या या गड्यांना पुढे फेकलेला पास झेलण्याचीही परवानगी नसते.

आता मराठी शब्द. पहिला मोह ‘आघाडीचा खेळाडू’ म्हणण्याचा होतो, कारण हे लोक खरोखरच सगळ्यांच्या पुढे असतात. पण आपल्या क्रीडापानांवर आघाडीचा खेळाडू म्हणजे गोल करणारा, किंवा नुसताच नामवंत. ‘बिनीचा गडी’ सुचवणारेही भेटतील. बिनी म्हणजे फौजेची आघाडीची तुकडी, तेव्हा मूळ अर्थ जुळतो. परंतु आज ‘बिनीचा’ म्हटले की ज्याचे नाव सर्वतोमुखी आहे असा माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि या मंडळींची नावे लोकांना बहुधा चूक झाल्यावरच कळतात. कबड्डीतली ‘साखळी’ ऐकायला चांगली वाटते, पण ती हातात हात गुंफून होते. इथे कोणी कोणाला धरायचे नसते, आणि ‘साखळी सामने’ हा दुसरा घोटाळा वाटेत उभा आहेच.

माझ्या मते योग्य शब्द आपल्याजवळ आहे, आणि तो आहे ‘फळी’. लाकडाची फळी आणि लढणाऱ्यांची फळी हे दोन्ही अर्थ मराठीत शेजारी शेजारी नांदतात. शत्रूची फळी फोडणे हा जुना वाक्प्रचार आहे, आणि खेळाच्या भाषेने तो केव्हाच उचलला आहे: क्रिकेटमधली मधली फळी, कबड्डी-हॉकीतली बचावफळी. अमेरिकन फुटबॉलमध्ये तर फळी फोडणे हे लाक्षणिक राहतच नाही, ते डोळ्यांदेखत घडते. म्हणून आक्रमणाची फळी आणि बचावाची फळी असे म्हणावे, आणि एकट्या माणसाला ‘फळीतला गडी’. ‘फळीकार’, ‘फळीवीर’ असले घडीव शब्द मला नकोसे वाटतात, कारण त्यांना तोंड लावलेले मनुष्य अजून जन्माला यायचे आहे. ‘गडी’ मात्र हुतूतूपासून क्रिकेटपर्यंत सगळीकडे चालतो.

यात व्याकरणाचाही एक मुद्दा आहे. इंग्रजीत ‘लाइनमन’ हा एकटा माणूस आहे. मराठीत ‘फळीतला गडी’ म्हणताना आधी फळी येते आणि मग गडी. या खेळाला हाच क्रम लागू पडतो, कारण पाचांपैकी चौघांनी उत्तम काम केले आणि पाचव्याचा पाय घसरला तर डाव कोसळतोच. अमेरिकेत २०१५पासून महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम आक्रमक फळीला जो मूर यांच्या नावाचा पुरस्कार देतात, आणि तो एका खेळाडूला न देता अख्ख्या फळीला दिला जातो. २०१६मध्ये तो आयोवाला मिळाला, हे नातवाला ठाऊक असेल.

‘ड्राफ्ट’ची कथा लांबची आहे. ओढणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदापासून हा शब्द झाला, आणि त्यातूनच बँकेचा ड्राफ्ट, पत्राचा मसुदा, ड्राफ्ट्समनचा आराखडा आणि सैन्यातली सक्तीची भरती असे अर्थ फुटले. हे सगळे एकाच मुळाचे कसे, असे कोणाला वाटेल, तर मराठीतले ‘काढणे’ आठवावे. आपण विहिरीतून पाणी काढतो, बँकेतून पैसे काढतो, नकाशा काढतो आणि चिठ्ठीही काढतो. खेळातला ड्राफ्ट म्हणजे व्यावसायिक संघांनी विद्यापीठांतले खेळाडू पाळीपाळीने निवडून घेणे. तो सैन्यभरतीच्या अर्थाला जवळचा आहे, कारण ज्याला काढले त्याला विचारलेले नसते. ज्या संघाने निवडले त्याच्याशीच करार करायचा, दुसऱ्या संघाशी बोलणी करता येत नाहीत.

ही पद्धत फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघाचे मालक बर्ट बेल यांनी सुचवली, कारण उत्तम खेळाडू श्रीमंत आणि जिंकणाऱ्या संघांकडेच जात आणि हरणारे हरतच राहत. पहिली निवड १९३६च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात झाली. नऊ संघ होते, नऊ फेऱ्या झाल्या आणि ८१ खेळाडू निवडले गेले. पहिलाच मान शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगर यांना मिळाला, आणि ते व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळले नाहीत! आज ३२ संघ आणि सात फेऱ्या असतात, आणि आदल्या हंगामात जो शेवटून पहिला आला त्याला निवडीचा पहिला हक्क मिळतो.

म्हणूनच याला ‘लिलाव’ म्हणणे सपशेल चूक आहे. आयपीएलच्या सवयीने हा शब्द पटकन ओठांवर येतो. लिलाव हा पोर्तुगिजांकडून आलेला आणि आपल्या अंगवळणी पडलेला शब्द असला, तरी त्यात बोली लागते आणि ज्याची थैली मोठी त्याचा माल. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. मराठी वाचकाला हा भेद पुण्यावरूनच सांगता येईल. २०१५च्या डिसेंबरात चेन्नई आणि राजस्थान हे आयपीएलचे संघ निलंबित असताना त्यांच्या खेळाडूंतून पुणे आणि राजकोट या नव्या संघांनी आळीपाळीने निवड केली. पुण्याने पहिल्या पाळीत महेंद्रसिंग धोनीला घेतले, राजकोटने सुरेश रैनाला. पाळीनुसार रक्कम आधीच ठरलेली होती. तो ड्राफ्ट होता. आणि त्याहून जुना दाखला हवा असेल तर शाळेच्या मैदानावर दोन कप्तान समोरासमोर उभे राहून एक तू, एक मी असे गडी वाटून घेत, तो आठवावा. शेवटी उरलेल्या मुलाच्या चेहऱ्यासकट.

शब्द सुचवायचा तर प्रथम उल्लेखात ‘क्रमवार निवड’ म्हणावे आणि पुढे खुशाल ‘ड्राफ्ट’ लिहावे. इंग्रजीतही ‘ड्राफ्ट’ हे बोलीतलेच नाव आहे. त्या सोहळ्याच्या अधिकृत नावाचा अर्थ ‘वार्षिक खेळाडू-निवड सभा’ असा होतो, म्हणजे अधिकृत भाषेत तेही निवडच म्हणतात. क्रियापदाबाबत मात्र मी थोडा आग्रही आहे. ‘ड्राफ्ट झाला’ ही रचना ‘सिलेक्ट झाला’, ‘फेल झाला’ या ओळीतली असल्याने बोलताना खटकत नाही, परंतु लिहिताना ‘अमुक संघाने त्याला तेराव्या क्रमांकावर घेतले’ असे लिहावे, कारण या प्रकरणात कोणी घेतले आणि कितव्या क्रमांकावर, हीच तर बातमी असते.

नातवाचा लाइनमन कोण, हे पत्रात नाही. पण असे वाक्य म्हणण्याची संधी आयोवाच्या विद्यार्थ्यांना अनेकदा मिळाली आहे. पहिल्याच फेरीत ब्रँडन शेर्फ २०१५मध्ये पाचव्या क्रमांकावर, ट्रिस्टन विर्फ्स २०२०मध्ये तेराव्या आणि टायलर लिंडरबॉम २०२२मध्ये पंचविसाव्या क्रमांकावर घेतले गेले. लिंडरबॉम विद्यापीठात आला तो बचावफळीतला गडी म्हणून. तिथे त्याला उचलून दुसऱ्या बाजूला, सेंटरच्या जागी आणले गेले. त्याआधी रॉबर्ट गॅलरी हा पास झेलणाऱ्या जागेवरचा मुलगा असाच फळीत आणला गेला आणि २००४मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. कोणता मुलगा कुठे उभा करावा हे ओळखणारी नजर, ही नातवाच्या वाक्यातली ‘कोचची कमाल’.

आता या कोचकडे वळू. आजोबांच्या दिवाणखान्यातला कोच आणि हा कोच यांचे नाते नाही. बसायच्या कोचाचे मूळ निजणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे. रेल्वेचा कोच मात्र याचा सख्खा भाऊ. हंगेरीत कोच नावाचे गाव आहे, तिथल्या घोडागाड्या प्रसिद्ध होत्या, म्हणून गाडीला कोच म्हणू लागले. पुढे एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी, परीक्षेच्या पैलतीरी वाहून नेणारा तो कोच, अशी शिकवणीच्या मास्तरांची थट्टा केली. त्या थट्टेतून खेळाचा कोच निघाला, आणि आपले कोचिंग क्लासही.

‘प्रशिक्षक’ हा शब्द बरोबर आहे, आणि ‘मुख्य प्रशिक्षक’ असे पद सांगताना तोच वापरावा. पण त्यात एक उणीव आहे, ती म्हणजे त्याने हाक मारता येत नाही. अमेरिकन खेळाडू समोरासमोर ‘येस, कोच’ म्हणतो. मराठी खेळाडू कधी ‘हो, प्रशिक्षक’ म्हणेल काय? शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर ‘सर’ होते आणि कोल्हापूरच्या तालमीत शिकवणारा ‘वस्ताद’ असतो. हे दोन्ही शब्द हाक मारायलाही चालतात आणि मागे बोलायलाही.

फळीच्या कोचासाठी मी ‘वस्ताद’ सुचवतो, आणि ते केवळ मराठी बाणा म्हणून नव्हे. आयोवा ही अमेरिकेतली कुस्तीची भूमी आहे. तिथल्या डॅन गेबल यांनी १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये एकही गुण न गमावता सुवर्णपदक मिळवले आणि पुढे प्रशिक्षक म्हणून आयोवा विद्यापीठाला पंधरा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. विर्फ्स आणि लिंडरबॉम हे दोघे शाळेत कुस्ती खेळत, आणि एका लढतीत लिंडरबॉमने विर्फ्सला हरवलेही होते. बुड खाली ठेवणे, समोरच्याचा तोल ओळखणे, हाताची पकड छातीच्या आत राखणे, हे सारे आखाड्यातून जसेच्या तसे फळीत येते. शिवाय वस्तादाला परंपरा असते. आयोवाचे मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेंट्झ १९८१पासून नऊ हंगाम तिथेच फळीचे वस्ताद होते आणि १९९९मध्ये प्रमुख म्हणून परतले. आणि ज्यांच्या नावाचा पुरस्कार वर सांगितला ते जो मूर, हे शाळेपासूनचे त्यांचे वस्ताद. अर्थात ‘मोठा वस्ताद आहे’ या वाक्यात लबाडीचा वास येतो, तेव्हा संदर्भ सांभाळावा लागेल.

या नात्याचे एक उदाहरण विद्यापीठाबाहेरचे आहे. जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियातला रग्बी खेळाडू. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेल्या या मुलाला ईगल्सने २०१८मध्ये सातव्या फेरीत, २३३व्या क्रमांकावर घेतले. त्यांच्या फळीचे वस्ताद जेफ स्टाउटलंड यांनी त्याला अक्षरशः श्रीगणेशापासून शिकवले. दूरदर्शनवर सामन्याआधी खेळाडू आपले नाव आणि आपले विद्यापीठ सांगतात. मायलाटाने नाव सांगितले आणि पुढे म्हटले, ‘जेफ स्टाउटलंड विद्यापीठ.’ मराठीत याला फार शब्द लागत नाहीत: ‘स्टाउटलंड वस्तादांच्या तालमीतला.’

तेव्हा नातवाचे वाक्य आजोबांना असे वाचता येईल: ‘आमच्या फळीतल्या एका गड्याला ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत घेतले, सगळी वस्तादांची कमाल!’ ‘ड्राफ्ट’ तेवढा राहू दिला आहे. तो कोणत्या बँकेचा, असे आजींनी विचारले, तर शाळेच्या मैदानावर गडी वाटून घेत त्याची आठवण द्यावी.