तार आधी वाकवा, मग कापा

प्रश्न : निवृत्तीनंतर टेनर युकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) शिकायला घेतलंय. गेल्या आठवड्यात चौथी तार काढून तिथे ‘लो जी’, म्हणजे खालच्या सप्तकातल्या जी सुराची तार लावली, नायलॉनवर धातू गुंडाळलेली. ब्रिजपाशी, म्हणजे तारा बांधतात त्या पट्टीपाशी, लोंबणारं टोक बघवेना, म्हणून नेलकटरने गाठीला खेटून कापलं. दोन दिवसांत गुंडाळी उसवून स्प्रिंगसारखी वर आली. बोटाला टोचते, वाजवताना बारीक झणझणही येते. तार फेकून द्यावी का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : इतक्यात नको, काका. तार छेडा आणि सुटलेलं टोक दुसऱ्या हाताच्या नखाने दाबून धरा. झणझण थांबली, तर ते टोकच तबलीला (वाद्याच्या पुढच्या लाकडी पाटीला) नाहीतर शेजारच्या तारेला लागतंय. नाही थांबली, तर भिंग घेऊन ब्रिजवरच्या पांढऱ्या पट्टीच्या पुढे बघा. तिथे, म्हणजे वाजणाऱ्या भागात गुंडाळी सैल झाली असेल, तर मात्र तार गेली.

या तारेच्या पोटात सुतासारख्या नायलॉन तंतूंचा जुडगा असतो आणि त्यावर धातूची बारीक तार आवळून गुंडाळलेली असते. लो जी लागते 196 हर्ट्झला, नेहमीच्या जीच्या बरोबर निम्म्यावर. तिथे साधं नायलॉन फार जाड घ्यावं लागतं आणि आवाज बद्द येतो. गुंडाळीने वजन वाढतं, तरी तार लवचीक राहते. पण टोक सरळ कापलं की गुंडाळीला धरून ठेवणारं काही उरत नाही.

तंबोऱ्याची खर्जाची पितळी तार एकसंध, ती कुठेही कापा. माझा हात आधी तंबोऱ्यांवर बसलेला, त्यामुळे पहिल्याच युकुलेलेवर मी तुमच्यासारखंच केलं. रात्रीत गाठ सरकली, टोक सटकलं आणि सकाळी तबलीवर नखाएवढा खड्डा! गिऱ्हाइकाला पॉलिश माझ्या खर्चाने करून दिलं.

तुमची गाठ धरून असेल, तर तार थोडी सैल करा. तबलीवर जुनं व्हिजिटिंग कार्ड सरकवा. सुटलेला वेढा चिमट्याने, ज्या दिशेने तो मुळात गुंडाळला होता त्याच दिशेने, परत बसवा. टूथपिकच्या टोकावर फेविक्विकचा इवलासा थेंब घेऊन फक्त कापलेल्या तोंडाला लावा. थेंब पॉलिशवर पडला तर डाग निघत नाही, म्हणून ते कार्ड. लायटरने नायलॉन वितळवायचा सल्ला कुणी देईल. वाद्यावर लावलेल्या तारेला आग दाखवू नका.

पुढच्या वेळी तार लावल्यावर तीन-चार दिवस कापूच नका. ती ताणत राहते, सूर उतरत राहतो. सूर ठरला की टोक पक्कडीने काटकोनात वाकवायचं आणि वाकाच्या पुढे तीन-चार मिलिमीटर ठेवून साइड कटरने कापायचं. वाकामुळे गुंडाळी आतल्या जुडग्यावर आवळून बसते. उरलेला शेंडा शेजारच्या तारेच्या फासाखाली खोचता आला तर उत्तमच. खुंटीपाशीही हेच. कापताना टोक बोटांत धरा, उडून डोळ्यात जातं.

आणि तो मिशीसारखा शेंडा? दिसू दे की, आवाजात काही फरक पडत नाही.