एकच स्टेशन, पण रोज

पोरी,

परवा आईबरोबर येऊन गेलीस. चहा निवून गेला तरी कपाला हात लावला नाहीस. निघताना चपला घालता घालता हळूच विचारलंस, "मावशी, मी पहिल्यासारखी कधी होणार?" आईसमोर बोलवेना, म्हणून लिहितेय. पहिल्यासारखी होणार नाहीस. मीही झाले नाही. तो नाद सोड आणि एवढंच सांग, लोकलमधून पडल्यापासून सात महिन्यांत गाडीत किती वेळा चढलीस?

एकदाही नाही. आणि आता घरून काम मागतेयस.

घरचे म्हणतात, जीव वाचला ना, मग नकोच ती गाडी. मायेनेच म्हणतात. माझेही म्हणायचे. १९९८ च्या पावसाळ्यात कळवा सुटल्यावर मी दारातून बाहेर फेकले गेले. मधला दांडा ओला होता, हातातून निसटला, एवढंच आठवतं. डावा हात मोडला, डोक्याला टाके पडले. पर्समधला स्टीलचा डबा कुणीतरी हॉस्पिटलात आणून दिला, एका बाजूने आत चेपलेला. तो माळ्यावर टाकला आणि अकरा वर्षं गाडीत पाय ठेवला नाही.

हात दीड महिन्यात जुळला होता. बाकीची सगळी वर्षं मी टाळण्यात घालवली. फोर्टला बढती मिळत होती, ती नाकारली. २००६ मध्ये डोंबिवलीहून फोन आला, आईचं काही खरं नाही. गाडीने अर्धा तास. मी रिक्षा केली आणि शिळफाट्याला कंटेनरच्या रांगेत अडकले. पोचले तेव्हा तिच्या नाकात कापूस घातलेला होता. हे मी कुणाला सांगत नाही. तुला सांगतेय, कारण टाळल्याने आपण जपले जातो असं तुला वाटतंय.

टाळल्याने भीती मुरते. प्लॅटफॉर्मवरून परत फिरलीस की धडधड थांबते आणि मन धडा घेतं, परतले म्हणून वाचले. गाडीत बसून राहिलीस तरी ती धडधड ओसरते, फक्त वेळ लागतो. तेवढा वेळ बसायचं. डॉक्टरही असंच पायरीपायरीने करून घेतात.

आणि हो, डॉक्टरकडे जायचंच. महिना उलटूनही झोप नाही, तेच तेच डोळ्यांसमोर येतं, तर हे आपोआप जाईल म्हणून बसायचं नाही. निदान १४४१६ वर फोन कर, सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, मराठीत बोलतात. मी गेले नाही. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे आणि "ठाण्याला पाठवा" ही आपल्याकडे शिवी. त्याच गावात राहून मी कुणापाशी बोलणार होते? आमचे हे म्हणतात, डॉक्टर गाठला असतास तर चार महिन्यांत सुटली असतीस. असेल. पण २००९ मध्ये मी हट्टाला पेटले नसते तर आजही बसच्या रांगेत उभी असते, हे त्यांना पटत नाही.

ट्रान्स-हार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लोकलची लाईन, मी मुद्दाम निवडली. ती लाईन २००४ ची, तिच्यावर माझी जुनी आठवण नव्हती. गाडी ठाण्यातूनच सुटते, दुपारी रिकामी उभी असते. पहिला आठवडा नुसती खिडकीशी बसायचे. सुटायची वेळ झाली की उतरून पुढच्या गाडीत. मग ऐरोली. एकच स्टेशन. उतरले, बाकावर बसून रडले, परतीची गाडी धरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकच स्टेशन, पण रोज. मेन लाईनला यायला वर्ष गेलं. कळव्यापुढे गाडी वळली तेव्हा शेजारच्या बाईचा हात मी न विचारता धरला होता. त्या रात्री माळ्यावरून डबा काढला, वरवंट्याने आतून ठोकून सरळ केला आणि रिटायर होईपर्यंत त्यातच भाजी नेली.

भीती परत येते, हेही ऐकून ठेव. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं पडल्याची बातमी लागली आणि मला हातातली परात खाली ठेवावी लागली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गाडीने डोंबिवलीला जाऊन आले.

दारात उभी राहू नकोस, भरलेली गाडी खुशाल सोड. त्याला काळजी म्हणतात. पण रिकामी गाडी सोडून रिक्षा करतेस तेव्हा काळजीचं नाव घेऊ नकोस, मला राग येतो.

शनिवारी दुपारी अडीचला ये, ट्रान्स-हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर. रविवार नको, मेगाब्लॉक असला तर पंचाईत. तुला आता दिघा गाव आहे, माझ्या वेळी ते स्टेशनच नव्हतं, ऐरोलीपर्यंत श्वास धरून बसावं लागायचं. पहिल्या दिवशी नुसतं बसायचं असेल तर नुसतं बसू. आईला आणू नकोस, ती तुला अर्ध्यातून उठवून घरी नेईल. तिकिटं मी काढून ठेवते.

तुझी,
मावशी