एएनसी ओपीडीतलं ०.९ क्रिएटिनिन

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

एएनसी ओपीडीत, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीच्या बाह्यरुग्ण विभागात, बसायला लागली आहेस, तर पहिली सवय ही लाव: क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ) बाबतीत लॅबने छापलेल्या ‘नॉर्मल’ रेंजवर विसंबू नकोस. ती रेंज गरोदर नसलेल्यांची असते. दिवस गेल्यावर मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त वाढतं आणि पहिली तिमाही संपेपर्यंत गाळण्याचा वेग (जीएफआर) साधारण ५० टक्क्यांनी चढतो. त्यामुळे निरोगी बाईचं क्रिएटिनिन ०.४ ते ०.६ मिग्रॅ/डेसीलिटरपर्यंत उतरतं. मग १४व्या आठवड्यात ०.९ आलं, तर रिपोर्टवर ताऱ्याची खूण नसली तरी तुझं पेन तिथे थांबलं पाहिजे. तपासणी पुन्हा कर, रक्तदाब नीट बसवून घे, जुने कागद माग. क्रिएटिनिनवरून गाळण्याचा वेग काढणारं ईजीएफआरचं सूत्र गरोदरपणात लागू पडत नाही. लॅबने तो आकडा छापला असला तरी सोडून दे.

ज्या मूत्रपिंडात गाळण्या आधीच कमी उरल्या आहेत, तिथे हा वाढीव भार उरलेल्यांवरच पडतो. क्रिएटिनिन न उतरणं हीच बऱ्याचदा पहिली खूण असते. दिवस जाण्याआधी ते १.४ च्या आत होतं, रक्तदाब ताब्यात होता आणि लघवीतून प्रथिनं फारशी जात नव्हती, अशा बहुतेकींचं मूत्रपिंड तगून राहतं. प्रीएक्लॅम्प्शियाची (गरोदरपणात रक्तदाब चढून इतर अवयवांना इजा होते तो आजार) आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची भीती मात्र त्यांनाही जास्तच. जीएफआर ४० च्या खाली आणि दिवसाला १ ग्रॅमहून जास्त प्रथिनं, या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर कार्य झपाट्याने घसरू शकतं आणि गेलेलं बाळंतपणानंतर परत येईलच असं नाही. हे तिला दिवस जाण्याआधी कळायला हवं. ‘मूल होऊ देऊ नका’ म्हणून तिला वाटेला लावू नकोस. आकडे समोर ठेव, निर्णय तिचा.

२० आठवड्यांच्या आत डिपस्टिकवर (लघवी तपासायची पट्टी) प्रथिनं २+ दिसली, तर आधी लघवीचं कल्चर पाठव. जंतुसंसर्ग नसेल तर प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर कर. ते ०.३ च्या वर असेल, तर बहुधा जुना मूत्रपिंडाचा आजार आहे, आजवर कुणी तपासलाच नव्हता. हे आकडे माता-बाल संरक्षण कार्डावर तारखेसह ठळक लिही. ३२व्या आठवड्यात रक्तदाब चढेल तेव्हा हा मूळचा आजार की त्यावर आलेला प्रीएक्लॅम्प्शिया, हे ठरवताना पायाचा आकडाच नसला तर सगळेच चाचपडतात. तेव्हा प्लेटलेट, एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि बाळाची वाढही बघ.

औषधांची चिठ्ठी स्वतः वाच. एनालाप्रिल, टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची औषधं बंद. त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडाला इजा होते आणि गर्भजल आटतं. मायकोफिनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिवस जाण्याच्या किमान ६ आठवडे आधी थांबवून अझाथायोप्रिनवर आणायचं. रक्तदाबाला लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा चालतात. १३५/८५ च्या आत ठेव. १२व्या आठवड्यापासून रात्री कमी मात्रेची ॲस्पिरिन, मनाई नसेल तर.

प्रीएक्लॅम्प्शियातले झटके टाळायला देतात त्या मॅग्नेशियम सल्फेटबद्दल जरा थांबून लिहिते, कारण घोटाळा इथेच होतो. ते लघवीवाटे बाहेर जातं, आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्या बाईत साचतं. लोडिंग (पहिला मोठा) डोस पूर्णच द्यायचा, घाबरून कापायचा नाही. पुढचे डोस मात्र कमी करावे लागतात, आणि प्रत्येक डोसआधी गुडघ्याचं रिफ्लेक्स येतंय का, श्वास मिनिटाला १६ तरी आहेत का, मागच्या ४ तासांत लघवी १०० मिली झाली का, हे स्वतः बघ. यातलं एक जरी चुकलं तर डोस थांबव. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचं १० मिलीचं अँप्यूल उतारा म्हणून ट्रेमध्ये हाताशी असू दे.

सिझेरियननंतरच्या ट्रीटमेंट शीटवर डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सवयीने लिहिलं जातं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या बाईच्या शीटवर ते खोड आणि पॅरासिटामॉल लिही. सुट्टी देताना क्रिएटिनिनची आणि रक्तदाबाची पुढची तारीख कार्डावर घाल, कारण रक्तदाब बाळंतपणानंतरच्या आठवड्यातही चढतो. पूर्ण दिवसांचं बाळ असेल तर अंगावर पाजतानाही एनालाप्रिल पुन्हा सुरू करता येतं. पाळणा लांबवायला कॉपर-टी सुचव. इस्ट्रोजेनच्या गोळ्या हिला नकोत.

तुझी,
मॅडम