फायटर माशाच्या लहान टाकीतील हीटर
ठाण्यात वर्षातील बहुतेक महिने हीटरची गरज भासत नाही. मात्र डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः येऊरच्या पायथ्याजवळच्या घरांत, लहान टाकीतील पाणी रात्रीतून गार होते आणि 24 ते 28 अंश सेल्सियस तापमान मानवणारा तुमचा फायटर मासा सुस्तावतो. 20 लिटरच्या टाकीला थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणारा भाग) असलेला 25 वॉटचा हीटर पुरतो. त्याहून मोठा घेऊ नका, कारण थर्मोस्टॅट अडकल्यास एवढेसे पाणी पाहता पाहता तापते; माझा एक मासा मी असाच गमावला आहे. म्हणून वेगळा थर्मामीटर लावाच. पाणी बदलण्यापूर्वी हीटर बंद करून 15 मिनिटे थांबावे, अन्यथा पाण्याबाहेर उघडी पडलेली हीटरची तापलेली काच तडकते. वायर सॉकेटच्या पातळीखाली लोंबती ठेवावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत न पोहोचता खालीच ठिबकेल, आणि प्लग काढल्याशिवाय टाकीत हात मुळीच घालू नये.