वक्र चढतोय, पण चढ कमी होतोय

प्रश्न : बाई, मी बारावी सायन्सला आहे. सराव परीक्षेत य = क्ष³ − ३क्ष हा आलेख देऊन ‘क्ष = −२ पासून २ पर्यंत वक्राचा चढ कसा बदलतो ते लिहा’ असं विचारलं होतं. ‘आधी वाढतो, मग कमी होतो, शेवटी पुन्हा वाढतो’ असं मी लिहिलं. एकही मार्क मिळाला नाही. आलेख तर तसाच दिसतो ना?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : दिसतो खरा, पण तू वक्राची उंची सांगितलीस. विचारला होता चढ, म्हणजे त्या त्या बिंदूपाशी काढलेल्या स्पर्शिकेचा चढ.

पट्टी घे आणि (−२, −२) पाशी वक्राला टेकव. विकलज, म्हणजे कुठल्याही बिंदूपाशी चढ किती ते सांगणारं सूत्र, इथे ३क्ष² − ३, म्हणून तिथे चढ ९. आता ती वक्राला धरून उजवीकडे सरकव. पट्टी कलत कलत (−१, २) या शिखरावर पूर्ण आडवी होते, तिथे चढ ०. एवढ्या वाटेत वक्र सतत वरच गेला, चढ मात्र ९ वरून ० वर आला. तुझं ‘आधी वाढतो’ इथेच चुकलं.

पुढे आरंभबिंदूपर्यंत चढ आणखी घटून −३ होतो. खरी गंमत त्यानंतर आहे. आरंभबिंदूपासून (१, −२) पर्यंत वक्र अजून खालीच जातोय, पण पट्टी परत आडवी होऊ लागते : −३, मग क्ष = ०.५ ला −२.२५, मग ०. म्हणजे चढ वाढतोय! उतरणाऱ्या वक्राचा चढ वाढतो, हे लिहायला चांगल्या हुशार मुलांचाही हात अडखळतो. तू बेधडक लिही. शेवटी २ ला चढ पुन्हा ९.

म्हणून उत्तर असं : ‘क्ष −२ पासून ० पर्यंत जाताना चढ ९ वरून −३ पर्यंत सतत घटतो, ० पासून २ पर्यंत −३ वरून ९ पर्यंत सतत वाढतो, −१ आणि १ ला तो शून्य आहे.’ कुठून कुठपर्यंत ते आकड्यांत लिहायचंच.

आलेख काढताना दोन्ही अक्षांवर वेगळं प्रमाण घेतलंस, तर पट्टीचा कल फसवा दिसेल. चढ नेहमी अक्षांवरच्या आकड्यांवरून काढ.

आता य = क्ष⁴ घे. शून्यापाशी त्याचा चढ ० होतो. तिथे चढाचं वाढणं उलटतं की चालूच राहतं? पट्टी फिरवून बघ आणि मला कळव.