चर्चमधलं सगळं सांभाळणारी व्यक्ती दुसरीकडे सेवेला जायचं म्हणतेय, आम्ही कसं निभवायचं?

तुमची संडे स्कूल आणि गायन बघणारी बाई म्हणते देवाचं बोलावणं आलंय, आणि तुम्ही विचारताय तिला थांबवता येईल का, नाही थांबली तर काय करायचं. थांबवू नका. माझी सख्खी ताई अशीच गेलीय म्हणून सांगते.

आमची रत्नागिरीकडची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, मोजकीच, एरवी अर्धी बाकं रिकामी, मे महिन्यात आणि नाताळला मुंबईकर आले की तेवढी भरतात. ताईकडे पेटी, संडे स्कूल, अर्पणाची वही, चर्चची किल्ली, आजाऱ्यांच्या घरची प्रार्थना, सगळंच. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं कारण ती कधी नाही म्हणायचीच नाही. मग रायगडात कातकरी मुलांच्या वसतिगृहात जायचं तिने ठरवलं, तर पंच कमिटीतले एक काका म्हणाले, नाताळ होईपर्यंत थांब, काम काय पळून जातंय? अहो पळूनच जातं! कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर निघतात ती पावसाच्या तोंडावर परततात, आईबापांबरोबर पोरं गेली की शाळा सुटली, म्हणजे त्यांना ठेवून घ्यायचं तर माणूस दिवाळीआधीच तिथे हवा, नाताळनंतर जाऊन ती काय रिकाम्या वाड्या बघणार होती? ताईने सगळं समजावलं. काकांचं एकच, इथली मुलं मुलं नाहीत का.

ते बोलणं मला अजून लागतं. ती काही टाकून गेली नव्हती. पाऊस सुरू झाल्यापासून दोन मुलींना पेटीवर बसवत होती, वहीचा पै न् पैचा हिशोब खजिनदारांना देऊन गेली.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, १३ वा अध्याय काढून वाचा. अंत्योखिया शहरातल्या मंडळीत नावानिशी ५ संदेष्टे आणि शिक्षक सांगितलेत, त्यातले बर्णबा आणि शौल (म्हणजे पौल) पवित्र आत्म्याने दुसरीकडच्या सेवेसाठी मागितले, म्हणजे अगदी कामाचेच दोघे. मंडळीने उपास केला, प्रार्थना केली, आशीर्वादाचे हात ठेवले आणि पाठवलं. आणि ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक तर आपल्याच जिल्ह्यात जन्मलेले, १९१७ मध्ये मिशन सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला, पन्नाशी उलटलेली. त्यांची भजनं आपण दर रविवारी म्हणतो, त्यांनी मंडळी वाऱ्यावर सोडली असं कोण म्हणतं का?

निभवायचं म्हणाल तर तिची कामं परत एकाच माणसाच्या गळ्यात घालू नका, तोही दमून जाईल. किल्ली एकाकडे, वही दुसऱ्याकडे, मुलं तिसऱ्याकडे. पेटी थांबली तर थांबू दे, आमच्या मुलींचा हात बसेपर्यंत आम्ही नुसत्या टाळांवर गायलो, गाणं अडलं नाही.

हां, पण कोणाशी बिनसलंय म्हणून निघाली असेल तर आधी पाळकांनी तिच्याशी एकट्याने बोलावं, ते वेगळं प्रकरण असतं. आणि चार दिवसांत निघते म्हणाली तर वही-किल्ली ताब्यात देईपर्यंत थांबवण्याचा हक्क मंडळीला आहे, हे मी पण मानते.

बाकी भर उपासनेत, सगळ्यांसमोर, हात ठेवून तिच्यासाठी प्रार्थना करा. आमच्याकडे काकांनी ती होऊ दिली नाही. पुढच्या मे महिन्यात ताई येईल तेव्हा ती झालीच पाहिजे असं मी कमिटीला लेखी दिलंय.